कोल्हापूरच्या आकाशात चाळीस मिनिटं

बाबा कोल्हापुरात रिक्षातून उतरताना पडले, तेव्हा मी बडोद्याला, मकरपुऱ्यातल्या आमच्या कारखान्याच्या ऑफिसात बसून एक मोठा पंप इंदूरला कधी पोहोचेल ते ठरवत होते. माझं कामच ते. माल कधी निघेल, ट्रक कुठे अडकेल, पोहोचायला किती वेळ लागेल, हे बावीस वर्षं मी करते आहे. अंतर आणि वेळ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे मी नव्या पोरापोरींना पहिल्याच दिवशी शिकवते.

संध्याकाळी धाकट्या भावाचा फोन आला. त्याचं नाव बघून मी हातातलं काम सोडून लगेच उचलला, कारण महिनाभर आम्ही दोघं फक्त मेसेजवर बोलत होतो. तेही दोन-दोन शब्द.

"ताई, बाबा पडलेत. खुब्याचं हाड मोडलंय."

बाबा चौऱ्याऐंशी वर्षांचे. आमचं घराणं बडोद्याला संस्थानच्या नोकरीत आलं आणि इथेच राहिलं. बाबांचं बालपण घडियाळी पोळ या जुन्या गल्लीत गेलं, पुढे चाळीस वर्षं त्यांनी कॉलेजात इतिहास शिकवला, आणि आई गेल्यावर ते माझ्याकडे राहायला आले, त्याला सहा वर्षं झाली. भाऊ कोल्हापुरात प्राध्यापक आहे. मे महिन्यात तो आला आणि "दोन महिने नेतो" म्हणून बाबांना घेऊन गेला. दोनाचे तीन झाले, ऑगस्ट लागला. कधी पाठवतोस विचारलं, की उत्तर यायचं, "राहू दे ना अजून थोडे दिवस." मला वाटायचं, हा मुद्दाम अडवून धरतोय. एकदा मी तसं बोलूनही दाखवलं. तेव्हापासून बोलणं तुटलं होतं.

"ऑपरेशन उद्याच करायचं म्हणतात," भाऊ सांगत होता. "सर्जन बाहेरगावाहून येतात. उद्या दुपारी तीनपर्यंतच आहेत, मग थेट पुढच्या आठवड्यात. या वयात इतके दिवस आडवं ठेवणं बरं नाही म्हणाले."

"मग करायला सांग."

"बाबा सही करत नाहीयेत. तू आल्याशिवाय कागदाला हात लावणार नाही म्हणतात. बोल त्यांच्याशी."

बाबांचा आवाज स्वच्छ होता, जरा थकलेला. "तू ये," एवढंच म्हणाले. मी विचारलं नाही का ते. मला माहीत होतं. आईच्या ऑपरेशनच्या वेळी मी कंपनीच्या कामासाठी बाहेर होते आणि भाऊ प्रवासात होता. बाबांनी एकट्याने सही केली होती. आई त्या ऑपरेशनमधून परत आली नाही. कुणाची चूक नव्हती, तिचं हृदय आधीच खिळखिळं झालं होतं. पण त्या दिवसापासून बाबा कुठल्याही कागदावर सही करायची म्हटलं की माझी वाट बघायचे. अगदी कुरिअरवाल्याच्या पावतीवरसुद्धा.

फोन कानाला लावूनच मी समोरच्या संगणकावर बडोदा आणि कोल्हापूर अशी दोन्ही विमानतळांची नावं टाकली. एक पान उघडलं. हवाई अंतर सहाशे चाळीस किलोमीटरच्या आसपास, उड्डाणाचा वेळ साधारण दीड तास. शेजारी नकाशा, त्यावर एक सरळ रेघ, बडोद्यापासून निघून पुण्याच्या डोक्यावरून थेट कोल्हापुरात उतरणारी. इतकी साधी आणि सरळ, की ती बघून माझा श्वास जरा मोकळा झाला.

"बाबा, विमानाने दीड तास," मी म्हटलं. "सकाळी साडेसातला इथून पहिलं विमान असतं, त्याने निघते. आलेच समजा."

"दीड तास? इतकं जवळ आहे?"

"हो," मी म्हटलं.

फोन ठेवल्यावर मी ते पान खालपर्यंत वाचलं. त्या रेघेवरून एकही विमान जात नाही, हे तिथे कुठेच लिहिलेलं नव्हतं. ते हिशोब करणारं पान होतं, वेळापत्रक नव्हतं. दोन गावांमधलं अंतर मोजायचं, विमानाच्या वेगाने भागायचं, झालं. कोल्हापूरची आठवड्यातून एकदा जाणारी रेल्वेगाडी दोन दिवसांपूर्वी निघून गेली होती. बसने गेले असते तरी दुसऱ्या दिवशी वेळेत पोहोचण्याची खात्री नव्हती. उरला मार्ग मुंबईचा. सकाळी साडेसातला बडोद्याहून मुंबई, तिथे अडीच तास बसायचं, मग अकरा वाजून दहा मिनिटांनी कोल्हापूरचं छोटं विमान, ते सव्वाबाराला पोहोचणार. तीनच्या आत पोहोचत होते. म्हणून मी बाबांना परत फोन केला नाही. आता दीड तासाचे पाच तास कशाला सांगायचे, रात्रभर काळजी करत बसतील, असं मी स्वतःला समजावलं. खरं म्हणजे "इतकं जवळ?" म्हणणाऱ्या बाबांच्या तोंडून मला आता "इतकं लांब?" ऐकायचं नव्हतं.

नवरा त्या आठवड्यात चेन्नईला होता. सकाळी एकटीच निघाले. रिक्षात बसल्या बसल्या मी दोनदा "चालो, जल्दी" म्हटलं असेन. रिक्षावाल्याने आरशात बघत एवढ्या पहाटे घाई कसली ते विचारलं.

"आटली उतावळ शेनी छे, बेन? हजी छ पण नथी वाग्या."

"बापुजी दवाखानामां छे."

त्याने वेग वाढवला. विमानतळाकडच्या हरणी रस्त्याला लागेपर्यंत एकाही सिग्नलला तो थांबला नाही. उतरताना धीर देत म्हणाला, "बधुं सारुं थई जशे." मी मान हलवली आणि विमानतळाच्या दाराशी सगळ्यात आधी जाऊन उभी राहिले. आत जाऊनही बसवेना. आमचा विमानतळ तो केवढा! या टोकाचं त्या टोकाला दिसतं. तरी मी चारदा जाऊन फलक पाहून आले, जसं काही मी नजर काढली तर विमान निघून जाईल.

मुंबईत उतरले तेव्हा पावणेनऊ झाले होते. फोन चालू केला. भावाचे तीन फोन येऊन गेले होते. मी केला तर पहिल्याच रिंगला उचलला.

"ताई, तू त्यांना दीड तास का सांगितलंस?"

त्याचा आवाज दबका होता. कॉरिडॉरमध्ये येऊन बोलत असणार.

"का? काय झालं?"

"साडेसातात दीड मिळवून ते आठपासून दाराकडे डोळे लावून बसलेत. सिस्टरला सांगतायत, माझी मुलगी नवाला येईल, तिला वर यायचा रस्ता दाखवा. मला खाली जाऊन उभं राहायला सांगतायत."

"मग तू सांग ना त्यांना, मुंबईला बदलून यावं लागतं म्हणून."

"सांगितलं. म्हणाले, तू काहीतरी लपवतोयस. ती मला चुकीचं सांगणार नाही."

मी वाटेतून बाजूला झाले. आजूबाजूला माणसं बॅगा ओढत चालली होती. बाबांना फोन द्यायला सांगितलं. त्यांनी घेतला.

"आलीस?"

"बाबा, मी मुंबईत आहे. माझंच चुकलं. बदलून यावं लागतं. दुपारी सव्वाबाराला कोल्हापुरात उतरते."

मग ते म्हणाले, "तू काल दीड तास म्हणालीस."

"हो बाबा. चुकलं माझं."

"ठीक आहे," म्हणाले. रागावले नाहीत. फक्त पुढे म्हणाले, "तोवर मी सही करत नाही."

ते अडीच तास मी कसे काढले, मला नीट आठवतही नाही. चहा घेतला आणि तसाच ठेवून उठले. एका खुर्चीत बसले, मग समोरच्या, मग काचेपाशी. गेट बदलल्याचा मेसेज आला तेव्हा मला बरंच वाटलं, कारण चालायला कारण मिळालं. कितीतरी ट्रकवाल्यांना मी या बावीस वर्षांत फोनवर झापलं आहे, "अंदाजे वेळ सांगू नकोस, खरी वेळ सांग" म्हणून. आणि स्वतःच्या बापाला मी एका पानावरचा आकडा वाचून दाखवला.

कोल्हापूरचं विमान पंख्यांचं होतं, साठ-सत्तर जणांचं. माझ्या शेजारी सत्तरीची एक बाई बसली होती. नाशिकच्या मुलीकडून मुंबईमार्गे परत चालली होती. मांडीवर पिशवी घट्ट धरलेली. माझा पाय सारखा हलत होता, तो तिने बघितला.

"भ्या वाटतंय का, बाई?" तिने विचारलं. "मला बी वाटतंय. पर लेकीनं तिकीट काडलं, आता काय करायचं."

मी तिला सगळं सांगितलं. कुणाला तरी सांगायचंच होतं. तिने नीट ऐकून घेतलं आणि पिशवीतून चिवड्याची पुडी काढून माझ्या हातात ठेवली. "खा थोडं. उपाशीपोटी दवाखान्यात जाऊ नये. तितं आपल्यालाच चक्कर येती."

बारा वाजता विमान खाली येऊ लागलं. सगळीकडे पांढरे-करडे ढग. ढगांत शिरलं, हादरे बसले, आणि एकदम पुन्हा वर चढलं. पायलटने सांगितलं की कोल्हापुरात ढग फार खाली आलेत, धावपट्टी दिसत नाही, आपण थोडा वेळ वरच फिरू.

पहिली फेरी मी दात आवळून काढली. दुसऱ्या फेरीत विमान एका बाजूला कललं, ढगांत मोठं भोक पडलं आणि खाली उसाचं हिरवं, नदीचं पसरलेलं गढूळ पाणी, आणि मग मधेच एक गोलसर तळं दिसलं.

"अगं बया! रंकाळा!" बाई माझ्या अंगावरून खिडकीकडे वाकली. "त्यो बघ रंकाळा! माजं घर त्या कडंला हाय!"

भावाने सांगितलं होतं, हॉस्पिटल रंकाळ्यापासून पाच मिनिटांवर. म्हणजे बाबा तिथे होते, अगदी पायाखाली. ढग पुन्हा मिटले.

तिसऱ्या फेरीत मी बेल्ट काढून उठले. हवाई सुंदरी धावत आली.

"मॅडम, प्लीज बसा."

"खाली दिसतंय सगळं. आत्ता तळं दिसलं मला. उतरवा ना तुम्ही."

"मॅडम, कॅप्टन प्रयत्न करतायत."

"माझे वडील खाली थांबलेत! तीन वाजता डॉक्टर जाणार आहेत!"

मी ओरडले. भर विमानात ओरडले. सगळी डोकी माझ्याकडे वळली. ती मुलगी माझ्या धाकट्या भाचीच्या वयाची असेल, तिचा चेहरा उतरला. बाईने माझा हात धरून मला खाली ओढलं आणि स्वतःच माझा बेल्ट लावला. मला आजही त्या मुलीची माफी मागावीशी वाटते. तेव्हा मागितली नाही.

एकूण चाळीस मिनिटं आम्ही कोल्हापूरच्या आकाशात फिरत होतो. मग पायलटने जाहीर केलं, आपण बेळगावला जात आहोत. विमान सरळ झालं आणि कोल्हापूर मागे टाकून दक्षिणेला निघालं. मी डोळे मिटून घेतले. मला फक्त दिसत होतं, बाबा दाराकडे बघतायत आणि घड्याळाचा काटा एकाकडे सरकतोय.

बेळगावात चाकं टेकताच फोन चालू केला. भावाचा नंबर लावताना दोनदा चुकले.

"कुठायस?" भावाने विचारलं.

"बेळगाव. ऐक, डॉक्टरांना सांग, मी गाडी करून निघते, चारपर्यंत..."

"ताई, बाबा आत गेलेत. एक वाजता नेलं."

मला कळेना. "सही?"

"केली."

"तू काय सांगितलंस त्यांना?"

"काही नाही. दाखवलं."

मग त्याने सांगितलं ते असं. सव्वाबारा वाजून गेले तरी माझा पत्ता नव्हता, तेव्हा बाबा भिंतीकडे तोंड करून पडून राहिले. भावाच्या फोनमध्ये विमानं कुठे आहेत ते दाखवणारं ॲप होतं. त्यात त्याने माझं विमान शोधलं आणि बाबांच्या डोळ्यांसमोर धरलं. शहराच्या नकाशावर एक इवलंसं पिवळं विमान गोल फिरत होतं. "हे बघा, हे ताईचं," तो म्हणाला. बाबांनी चष्मा मागितला. फोन स्वतःच्या हातात घेतला आणि एक अख्खी फेरी बघितली. मग दुसरी.

"उतरत का नाही?" त्यांनी विचारलं.

"ढग आहेत, बाबा. पायलटला दिसत नाहीये."

बाबांनी आणखी थोडा वेळ बघितलं. मग म्हणाले, "आली ती. तिने तिचं केलं. आता पायलटला घाई करायला नको." आणि हात पुढे केला. "पेन दे."

सही करून त्यांनी खाली वेळही लिहिली. सिस्टर म्हणाली, आजोबा, वेळ आम्ही घालतो. ते म्हणाले, असू द्या.

मी विमानातून उतरायच्या शिडीवर उभी होते. मागची माणसं मला बाजूने ढकलत उतरत होती. ज्या वेळी मी वर आरडाओरडा करत होते, त्याच वेळी खाली बाबा मला बघत होते. हे मी बाईला सांगितलं तेव्हा तिने पदराने आधी माझे डोळे पुसले, मग स्वतःचे.

विमान कंपनी बसची सोय करणार होती, पण बस यायला तास होता. आम्ही दोघींनी टॅक्सी केली. निपाणी मागे पडलं, रस्त्याचं काम चालू होतं, ट्रकांच्या रांगा लागल्या होत्या. त्या रांगांमध्ये आमच्यासारख्याच कुणाचा तरी माल असणार. साडेतीनला भावाचा मेसेज आला. ऑपरेशन झालं, बाबा शुद्धीवर येतायत. मी तो बाईला वाचून दाखवला, ड्रायव्हरलाही वाचून दाखवला. तरी पाय हलायचा थांबला नाही.

पाचला हॉस्पिटलमध्ये पोहोचले. बाबा अर्धवट झोपेत होते. मी हात धरला, तर त्यांनी डोळे किलकिले करून बघितलं आणि म्हणाले, "तोंड किती सुकलंय. जेवलीस?" आणि परत झोपले.

मी आणि भाऊ बाहेर बाकावर बसलो. त्याच्या कानांजवळचे केस पार पांढरे झाले होते. मे महिन्यात मी बघितले नव्हते, किंवा तेव्हा मी त्याच्याकडे नीट बघितलंच नव्हतं. भावजयीने डबा पाठवला होता. तो आम्ही मधे ठेवून खाल्ला.

"बरे झाले की मी त्यांना घरी नेते," मी म्हटलं. "तू आता अडवू नकोस."

त्याने पोळीचा तुकडा खाली ठेवला.

"मी अडवलं नव्हतं, ताई. जुलैमध्ये मी तिकीट काढायला बसलो होतो. तेच म्हणाले, नको."

"बाबा म्हणाले?"

"तू सकाळी आठला जातेस, संध्याकाळी सातला येतेस. दिवसभर घरात घड्याळाशिवाय कुणाचा आवाज नाही म्हणाले. इथे माझ्या कॉलेजच्या ग्रंथालयात जाऊन बसतात. पोरं येऊन काहीबाही विचारतात. कालही तिथूनच येत होते, पडले तेव्हा. मला म्हणाले, तिला सांगू नकोस, तिला वाटेल मी तिच्याकडे सुखात नव्हतो."

"होते का?"

"हे तू त्यांना विचार," तो म्हणाला. "मला मधे नको घालू."

मी उठले, कॉरिडॉरच्या टोकापर्यंत गेले, परत आले. आधी राग आला, बाबांचा, भावाचा, सगळ्यांचा. महिनाभर मी ज्याच्याशी भांडत होते तो फक्त निरोप्या होता. मग आठवलं, बडोद्यात मी घरी आल्यावर बाबा रोज दिवसभराच्या बातम्या सांगायचे, आणि मी भाजी चिरता चिरता "हं, हं" करत उद्याच्या ट्रकांचा विचार करत असायचे. मी परत येऊन बाकावर बसले. "सॉरी," मी म्हटलं. त्याने डब्यातलं उरलेलं लोणचं माझ्याकडे सरकवलं.

दुसऱ्या दिवशी मी बाबांना विचारलंच. सरळ विचारलं, बडोद्याला यायचंय की इथे राहायचंय. त्यांनी चष्मा काढून उशाशी ठेवला. त्यांना खोटं बोलता येत नाही, हे मला लहानपणापासून माहीत आहे.

"बडोदं माझं आहे," ते म्हणाले. "लहरीपुऱ्यातून चालताना मला अजून प्रत्येक दुकानाचा जुना मालक आठवतो. पण तिथे आता माझ्याशी बोलायला कोण आहे? तू आहेस. पण तू दमलेली असतेस."

मी त्यांचं पांघरूण सारखं केलं.

त्या दुपारी फिजिओथेरपीवाली मुलगी वॉकर घेऊन आली. बाबांनी आधी नकार दिला, मग तिला वॉकर कुठल्या धातूचा आहे ते विचारलं, मग उठले. एका बाजूला भाऊ, दुसऱ्या बाजूला मी. चार पावलं टाकली आणि घामाघूम होऊन बसले. तिसऱ्या दिवशी दारापर्यंत गेले. चौथ्या दिवशी दाराबाहेर, पलीकडच्या खोलीतल्या पेशंटला नमस्कार करून परत. मी ऑफिसला फोन केला. साहेबांनी विचारलं, नक्की कधी येणार ते सांगा, त्याप्रमाणे गाड्या लावू.

"ते आत्ता सांगता येणार नाही," मी म्हटलं, आणि बाबांच्या चपला घ्यायला आत गेले.